रनिंग बॅक तिशीआधी संपतो, मग फ्रँक गोअर सोळा हंगाम कसा टिकला?

मुक्ता_८३

मंडळी, अमेरिकन फुटबॉलमधल्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या, कारकिर्दीबद्दल विचारायचं आहे. २७-२८ वर्षांचा झाला की रनिंग बॅक उतरणीला लागतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. टॉड गर्लीचंच बघा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि २०२० च्या हंगामानंतर, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याचा खेळ आटोपला. दुसरीकडे फ्रँक गोअर. कॉलेजात असतानाच दोन्ही गुडघ्यांचे एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट) फाटलेले, म्हणून २००५ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत ६५ व्या क्रमांकापर्यंत घसरला. तो खेळला थेट २०२० पर्यंत. १६ हंगाम, २४१ सामने आणि बरोबर १६,००० यार्ड. धावण्याच्या यादीत त्याच्या वर दोघेच: एमिट स्मिथ १८,३५५ आणि वॉल्टर पेटन १६,७२६.

"जिद्दी होता, मेहनती होता" ही उत्तरं नकोत. मेहनत गर्लीनंही केलीच असणार. रनिंग बॅकचं शरीर नेमकं कशानं झिजतं, गोअर मैदानावर काय वेगळं करत होता आणि तिशी उलटल्यावरही संघ त्याला का घेत राहिले, हे कुणी नीट सांगेल का?

आकडेमोड

मुक्ताताई, अर्धं उत्तर आकड्यांतच आहे. कॅरी म्हणजे चेंडू हातात घेऊन मारलेली एक धाव, आणि जवळजवळ प्रत्येक कॅरी कुणीतरी खाली पाडूनच संपते. गोअरच्या नावावर ३,७३५ कॅरी आहेत. १६,००० यार्ड म्हणजे साधारण १४.६ किलोमीटर. तेवढ्यासाठी हा माणूस तीन हजारांहून जास्त वेळा आपटला आहे. सरासरी ४.३ यार्ड, म्हणजे चार मीटरही पुरते होत नाहीत तोवर पुढचा धक्का.

आता या कॅरी वर्षावर्षाला कशा वाटल्या गेल्या ते बघा. पहिल्या वर्षी १२७. दुसऱ्या वर्षी, २००६ मध्ये, ३१२ कॅरीत १,६९५ यार्ड. शिवाय ६१ झेल. तो त्याचा सर्वांत मोठा हंगाम, आणि त्यानंतर त्यानं एकदाही ३०० कॅरी केलेल्या नाहीत. २००७ पासून पुढे २६०, २४०, २२९, २०३, २८२, २५८, २७६, २५५, २६०, २६३, २६१. मग शेवटची तीन वर्षं १५६, १६६, १८७. मधला २०३ चा आकडा २०१० चा. त्या वर्षी नोव्हेंबरात ॲरिझोनाविरुद्ध खुब्याचं हाड मोडलं आणि हंगाम ११ सामन्यांत संपला.

ज्यांच्यावर एकाच वर्षात सगळा भार टाकला गेला, ते याच्याशेजारी ठेवून पाहा. लॅरी जॉन्सनला कॅन्सस सिटीनं २००६ मध्ये ४१६ वेळा चेंडू दिला. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पुढच्या वर्षी पायाचं हाड मोडलं, ८ सामने आणि ५५९ यार्ड. डीमार्को मरेनं २०१४ मध्ये डॅलससाठी ३९२ कॅरीत १,८४५ यार्ड केले, पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात ७०२. टेरेल डेव्हिसच्याही १९९८ मध्ये ३९२ कॅरी होत्या आणि २,००८ यार्ड. १९९९ च्या चौथ्या सामन्यात गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि पुढे तो कधीच पूर्वीसारखा झाला नाही. सगळी कारकीर्द ७८ सामन्यांची.

याला लोक "३७० चा शाप" म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एका वर्षात ३७० कॅरी त्यालाच मिळतात ज्याचं त्या वर्षी सगळं जुळून आलेलं असतं: दुखापत नाही, समोरची लाइन (पुढे उभे राहून बॅकला वाट काढून देणारे पाच जण) धडधाकट, संघ आघाडीवर. पुढच्या वर्षी यातलं एक जरी हललं तरी आकडा पडतो. त्यामुळे ३७१ व्या कॅरीला काहीतरी तुटतं असं नाही. पण झीज साचत जाते, आणि हंगामात २५० च्या आसपास राहिलं तर फेब्रुवारी ते जुलै हे महिने ती भरून काढायला पुरू शकतात. ३८० नंतर पुरतीलच असं नाही. आपल्याकडे वेगवान गोलंदाजाची षटकं मोजतात त्यामागचा हिशेब हाच.

आणखी एक. गोअर तिशीनंतर उतरला नाही हा समज चुकीचा आहे. २०१२ पर्यंत १,९११ कॅरीत ८,८३९ यार्ड, सरासरी ४.६. २०१३ पासून, म्हणजे तीस पूर्ण झाल्यावर, १,८२४ कॅरीत ७,१६१ यार्ड, सरासरी ३.९. घसरण स्पष्ट आहे, फक्त ती कड्यावरून कोसळण्यासारखी झाली नाही. डेव्हिसचे सगळ्या कारकिर्दीचे यार्ड ७,६०७. गोअरनं जवळपास तेवढे तिशीनंतर केले, आणि २०१६ मध्ये ३३ व्या वर्षी इंडियानापोलिससाठी १,०२५.

खडूफळा

आकडेमोड यांनी भार किती ते सांगितलं. मी तो भार शरीरावर कसा पडत होता त्यावर लिहितो, कारण माझ्या मते गोअरचं वेगळेपण तिथेच आहे.

उंची ५ फूट ९ इंच, वजन ९६ किलोच्या आसपास. वेग अव्वल कधीच नव्हता. ७० यार्ड मोकळं मैदान मिळालं तर मागून पकडला जाण्याची शक्यता असायची. पण पहिल्या पाच यार्डांत त्याच्याइतका शहाणा बॅक विरळा.

इनसाइड झोन हा रोजचा डाव घ्या. लाइनमधले पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात, आणि बॅकनं त्या बाजूच्या गार्डच्या दिशेनं निघायचं. (सेंटर म्हणजे लाइनच्या मधोमधचा, त्याच्या दोन्ही लगतचे ते गार्ड.) पळता पळता सेंटरपासून त्या बाजूचा पहिला बचावपटू वाचायचा. तो बाहेर सरकला तर आत घुसायचं. तो आत आला तर नजर पुढच्या बचावपटूवर न्यायची आणि तो काय करतो त्यावरून बाहेर जायचं की मागच्या बाजूला वळायचं ते ठरवायचं. या सगळ्याला मिळतो सेकंदभर. नवशिक्यांचं चुकतं ते असं की फट दिसली की लगेच वळतात. मागचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) तेव्हा जागेवरच उभा असतो, तो त्याच फटीत समोरासमोर भेटतो आणि पूर्ण ताकदीची धडक बसते. गोअर आपल्या लाइनमनच्या टाचेला पाय लागेल इतका जवळ जाईपर्यंत दिशा बदलायचा नाही. तोवर लाइनबॅकर एका बाजूला झुकलेला असायचा. मग एकच वळण. त्यामुळे धडक बसली तरी बाजूनं, अर्धवट हाताची.

२०११ ते २०१४ या प्रशिक्षक हार्बॉ यांच्या काळात गोअरचा संघ सॅन फ्रान्सिस्को पॉवर हा डाव फार खेळायचा. पॉवर उजवीकडे असेल तर डावा गार्ड, म्हणजे जवळपास १५० किलोचा माइक युपाटी, जागा सोडून लाइनच्या मागून उजवीकडे धावत यायचा. फुलबॅक (बॅकच्या पुढे वाट मोकळी करणारा) ब्रूस मिलर टोकाच्या बचावपटूला बाहेर ढकलायचा आणि मधल्या वाटेनं युपाटी लाइनबॅकरवर जायचा. बॅकचं काम ऐकायला सोपं वाटतं: गार्डच्या मागे जा. पण अर्धं पाऊल लवकर निघालं तर गार्डच्या पाठीवर आदळता, अर्धं पाऊल उशीर झाला तर मागच्या बाजूनं कुणीतरी गाठतं. गोअर उलट्या दिशेला एक बारीक पाऊल टाकून थांबायचा, गार्डला पुढे जाऊ द्यायचा आणि मग त्याच्या कमरेला जवळजवळ चिकटून निघायचा. साडेसहा फुटी माणसांच्या मागे पावणेसहा फुटांचा बॅक वाकून चाललेला असला की लाइनबॅकरला तो दिसतच नाही. दिसतो तेव्हा दोन हातांवर असतो.

तिसरी गोष्ट पावलांची. लांब ढांग टाकणाऱ्याचा पाय शरीराच्या पुढे जमिनीत रुततो, आणि रुतलेल्या पायावर बाजूनं कुणी पडलं की गुडघा जातो. गोअर गर्दीत शिरला की पावलं आखूड व्हायची, पाय कमरेखालीच राहायचे, खांदे खाली. धडकेच्या क्षणी छाती समोर न देता एक खांदा वळवायचा. असे मार निसटते बसतात.

चेंडूही तसाच. टोकावर पहिली दोन बोटं, मग तळवा, पुढचा हात, दंड आणि बरगड्या, अशा पाच जागी दाब हवा. यातली एक सुटली की चेंडू मागून ठोसा मारून काढता येतो. कोपर शरीरापासून लांब गेलं की सगळ्यात आधी बरगडीचा दाब सुटतो, आणि बहुतेक फंबलची, म्हणजे चेंडू हातून सुटण्याची, सुरुवात तिथूनच होते.

फिजिओताई

गुडघ्यांबद्दल थोडं. गोअरचा उजवा एसीएल २००२ मध्ये आणि डावा २००३ मध्ये गेला, दोन्ही मायामी विद्यापीठात असताना. पहिल्या व्यावसायिक हंगामानंतर दोन्ही खांद्यांच्याही शस्त्रक्रिया झाल्या. एवढं होऊन माणूस कसा टिकतो, तर गुडघ्यात काय बिघडलंय त्यावर सगळं अवलंबून असतं.

एसीएल नवा बसवता येतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा मधला तिसरा हिस्सा किंवा मांडीच्या मागचा स्नायुबंध काढून तिथे लावतात. लावलेला तुकडा आधी कमकुवत होतो आणि मग त्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरून तो जिवंत होतो. पहिल्या तीन महिन्यांत गुडघा बरा वाटायला लागतो, आणि नेमका तेव्हाच तो तुकडा नाजूक असतो. घाई केलेली माणसं इथेच फसतात. मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष धरतात. एड्रियन पीटरसनचा एसीएल २४ डिसेंबर २०११ ला फाटला, आणि २०१२ च्या हंगामात त्यानं २,०९७ यार्ड केले. एरिक डिकरसनच्या १९८४ मधल्या २,१०५ च्या विक्रमाला अवघे आठ कमी.

कूर्चा मात्र परत येत नाही. हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत आवरण झिजलं की दर सामन्यानंतर गुडघ्यात पाणी होतं, सूज येते, आठवडाभर सराव करता येत नाही, मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो आणि त्यामुळे गुडघ्यावर आणखी भार येतो. हे चक्र थांबवणं फार कठीण. गर्लीचा एसीएल २०१४ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात असताना फाटला होता, आणि २०१९ मध्ये त्याच्या ट्रेनरनं त्याच गुडघ्यात संधिवाताचा अंश असल्याचं माध्यमांना सांगितलं. त्यामुळे गोअरचे दोन एसीएल आणि गर्लीचा एक, अशी मोजणी करून काही हाती लागत नाही. आत किती कूर्चा उरली होती ते महत्त्वाचं.

खडूफळा यांनी निसटत्या मारांबद्दल लिहिलं ते फार बरं झालं. रनिंग बॅकचं रोजचं दुखणं म्हणजे मांडीचा मुका मार. समोरच्याचं हेल्मेट किंवा गुडघा मांडीवर बसतो आणि स्नायूच्या आत रक्त साकळतं. यावर लगेच गुडघा पूर्ण वाकवून, साधारण १२० अंशांत पट्टीनं बांधून बर्फ लावतात, म्हणजे स्नायू ताणलेल्या स्थितीत राहतो आणि आखडत नाही. सुरुवातीच्या दिवसांत चोळायचं अजिबात नाही. चोळलं तर साकळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूत हाड तयार होऊ शकतं, आणि मग काही महिने गेले समजा. २०१३ पासून लीगनं मांडी आणि गुडघ्याचे पॅड सक्तीचे केले.

आणखी एक गोष्ट गोअरच्या पथ्यावर पडली. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानं पूर्ण पॅड घालून दिवसातून दोनदा सराव बंद झाला आणि हंगामातले पॅडवाले सराव १४ वर आले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. सरावातले मार कुठल्याच आकडेवारीत दिसत नाहीत, शरीर मात्र ते मोजतं.

मुक्ता_८३

फार छान. गर्लीबद्दल माझा समज चुकीचा होता, फिजिओताई, आभार. आता तिसरा भाग राहिला. ३.९ च्या सरासरीला मायामी, बफेलो, न्यूयॉर्क जेट्स यांनी लागोपाठ का घेतलं? तेवढी सरासरी स्वस्तातला बाविशीचा मुलगाही देईल ना?

खडूफळा

देईल. पण तिसऱ्या डाऊनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) ७ यार्ड हवे असताना तो मुलगा क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, मार खायला लावेल. म्हाताऱ्या बॅकला नोकरी मिळते ती पास प्रोटेक्शनमुळे, म्हणजे पास टाकेपर्यंत क्वार्टरबॅकचं रक्षण करण्यामुळे, आणि गोअर त्यात त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तमांपैकी होता.

स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या) आधी कोणता लाइनबॅकर आपल्या वाट्याला आहे ते ओळखायचं. बऱ्याचदा दोघे वाट्याला असतात. आधी आतला बघायचा, मग बाहेरचा, कारण आतून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतची वाट सर्वांत जवळची. तो येतोय असं दिसलं की मागे वाट बघत थांबायचं नाही, लाइनकडे एक-दोन पावलं पुढे जाऊन भेटायचं. जितकं मागे भेटाल तितकं क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलले जाल. पाय खांद्याइतके फाकलेले, कंबर खाली, कोपरं आत आणि दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीवर. डोकं खाली घातलं की तो माणूस दिसेनासा होतो आणि बाजूनं निघून जातो. तरुण बॅकचं चुकतं ते इथेच. ११० किलोचा माणूस पळत येताना नजर समोर ठेवणं शिकायला वर्षं जातात. आणि दोघांपैकी कुणीच आला नाही तर तिथेच उभं न राहता बाजूला सरकून छोट्या पाससाठी मोकळं व्हायचं.

कॉलेजातल्या बहुतेक बॅकना हे फारसं करावं लागत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी ते यातच सर्वांत कच्चे असतात.

ओकलंड_वाले

यात पैशाची बाजू घालतो, कारण तिच्याशिवाय चित्र अर्धं राहतं. २०११ च्या करारापासून ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा, ठरलेल्या चौकटीतल्या पैशांचा. पहिल्या फेरीतला असेल तर संघाला पाचवं वर्षही वाढवता येतं. त्यावर फ्रँचायझी टॅग, म्हणजे संघानं एका वर्षासाठी ठरावीक रकमेवर अडवून ठेवायचं. २२ व्या वर्षी आलेला बॅक यातून सुटेपर्यंत २७-२८ चा होतो. म्हणजे सगळ्यात चांगली वर्षं स्वस्तात जातात, आणि मोकळा होतो तेव्हा त्याला म्हणतात, आता तुझं वय झालं. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

टॅगची रक्कम त्या जागेवरच्या वरच्या पगारांवरून ठरते. पगार वाढले नाहीत की टॅगही वाढत नाही. २०२३ मध्ये बॅकसाठी ती १.०१ कोटी डॉलरच्या आसपास होती आणि साक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स, टोनी पोलार्ड तिघेही त्यात अडकले. त्याआधी लेव्हिऑन बेलनं २०१८ मध्ये १.४५ कोटींचा टॅग नाकारून अख्खा हंगाम घरी काढला. जेट्सनं नंतर ५.२५ कोटींचा करार दिला, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सोडूनही दिलं. गर्लीला २०१८ मध्ये चार वर्षांचे ५.७५ कोटी मिळाले आणि मार्च २०२० मध्ये रॅम्सनं त्याला मोकळं केलं. संघांचे हिशेबनीस हीच दोन नावं पुढे करतात.

बार्कलीनं यातला बराच समज खोडून काढला. फिलाडेल्फियात २०२४ ला ३४५ कॅरीत २,००५ यार्ड, सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला, आणि मार्च २०२५ मध्ये वर्षाला २ कोटी डॉलरच्या वरचा करार. बॅकला इतके पैसे याआधी मिळाले नव्हते.

गोअरचं गणित निराळं होतं. शेवटची तीन वर्षं त्यानं तीन संघांबरोबर एकेक वर्षाचे, कमी रकमेचे करार केले. संघाला धोका नाही, बदल्यात ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू) अडवणारा आणि नवोदितांना शिकवणारा माणूस मिळतो. बॅरी सँडर्सचे १५,२६९ यार्ड त्यानं २०१९ मध्ये बफेलोकडून खेळताना ओलांडले ते अशाच एका वर्षात.

एक सल मात्र जात नाही. ३ फेब्रुवारी २०१३, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल. गोअरच्या १९ कॅरीत ११० यार्ड. शेवटच्या चढाईत ३३ यार्ड पळून त्यानं सॅन फ्रान्सिस्कोला बाल्टिमोरच्या ७ यार्डांच्या रेषेवर नेलं. त्यानंतरच्या चार डावांत त्याच्या हातात एकदाही चेंडू नाही. एक धाव लामायकल जेम्सला, दोन यार्ड. मग तीन पास, तिन्ही वाया. ३४-३१ नं हार.

खडूफळा

लांब धाव झाली की बॅकला एक-दोन डाव श्वास घ्यायला बाहेर काढतात, त्यामुळे पहिल्या डाऊनला जेम्स आला यात मला गैर दिसत नाही. पुढच्या तिन्ही वेळा पास टाकणं मलाही पटलेलं नाही.

मुक्ताताई, प्रत्यक्ष बघायचं असेल तर त्याच्या दोन आठवडे आधीचा, २० जानेवारी २०१३ चा अटलांटाविरुद्धचा सामना काढा. २८-२४ नं जिंकलेला, उत्तरार्धात गोअरचे दोन टचडाऊन. प्रत्येक धाव तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त दोन्ही गार्ड, कोण जागा सोडतोय ते कळेल. दुसऱ्यांदा फक्त लाइनबॅकरचे पाय, ते कधी आणि कुठल्या बाजूला झुकतात. तिसऱ्यांदा गोअर. तो थांबल्यासारखा वाटतो तिथे व्हिडिओ रोखा आणि लाइनबॅकर कुठे आहे ते पाहा.